पुलाचा खर्च आणि वाघाचा दाखला

माझ्या सासूबाईंनी आयुष्यभर इंजिनिअरांना छळलं आणि त्याबद्दल सरकारने त्यांना दर महिन्याला पगार दिला. नागपूरला सरकारी लेखापरीक्षणात होत्या त्या. बांधकाम खात्याची बिलं त्यांच्या टेबलावर यायची. रस्ता झाला असेल तर तो त्याच गावाला का गेला, पूल झाला असेल तर अंदाजपत्रकात नसलेला कठडा कुठून आला, आणि काहीच झालं नसेल तर पैसे कुठे गेले, हे विचारायचं काम. आमच्या लग्नात माझ्या बाबांनी मांडववाल्याला आगाऊ रक्कम दिली हे कळल्यावर त्यांनी बाबांना बाजूला घेऊन शांतपणे विचारलं होतं, "कुणाच्या मंजुरीने?" बाबा तो प्रसंग सांगताना अजून घाम पुसतात.

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर आई (सासूबाईंना मी आईच म्हणते) आमच्याकडे सिंगापूरला राहायला आल्या. बुकित तिमाहला आमचा कॉन्डो आहे, खाली स्विमिंग पूल, बाकडी, झाडं. गुडघ्याला हवं ते सगळं. सिंगापूर त्यांना आवडलं नाही असं नाही, पण त्यांच्यासारख्या बाईने इथे करायचं काय हा प्रश्नच होता. सकाळी फेरी मारून आल्या की मी विचारायची, "कसं वाटलं, आई?"

"फूटपाथची एक फरशी हलत नाही गं," असं त्या चपला काढता काढता सांगायच्या, आणि सूर असा, की जणू कुणी त्यांचा अपमान केलाय.

मध्ये बस स्टॉपसमोर रस्ता खणला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं. रोज जाऊन कुंपणाच्या फटीतून बघायच्या. आठवडाभरात काम संपलं, रस्ता होता तसा झाला, शेजारी उखडलेलं गवतसुद्धा परत लावलं. त्या दिवशी आई जेवल्याही कमी.

माझा नवरा जुरोंग ईस्टला आयटीत मॅनेजर आहे. संकट ओळखण्याचाच पगार घेतो. तो मला म्हणाला, "आईला काहीतरी काम शोध. नाहीतर ती आपली बिलं तपासायला लागेल."

"लागल्यात," मी म्हटलं. "काल डिशवॉशर का घेतला याचा खुलासा मागितला. तुझ्याकडून. मी सांगितलं, तू ऑफिसला गेलायस."

काम मला ऑफिसातच सापडलं. तांजोंग पगारला एका बँकेत मी खर्च तपासणीच्या विभागात आहे. म्हणजे सासूबाईंचंच काम, फक्त एसीत आणि इंग्रजीत. तिथल्या एका सहकाऱ्याला जुन्या कागदांची हौस. त्याने सांगितलं, की इथल्या एका संस्थेने इंग्रजांच्या काळातले हाताने लिहिलेले सरकारी कागद इंटरनेटवर टाकलेत. कुणीही घरबसल्या ते वाचायचे आणि टाइप करायचे. पैसे मिळत नाहीत. नियम एकच, जे लिहिलंय तेच टाइप करायचं, चुकांसकट. आपल्या पदरचा एक शब्द घालायचा नाही. कुणीतरी तपासनीस नंतर ते ताडून बघतो.

आईंना खातं माझ्या मुलीने उघडून दिलं. "आजी, जस्ट टाइप व्हॉट यू सी, लाह," ती इथल्या सवयीने शेवटी 'लाह' लावत म्हणाली. "डोन्ट फाइट विथ एनीबडी."

"मी कुणाशी भांडते?" आई म्हणाल्या आणि चष्मा पुसला.

त्यांच्या वाट्याला आली एका पुलाची फाइल. पूल काही मोठा नव्हता. बुकित तिमाहच्या रस्त्यावर, म्हणजे आमच्याच भागात कुठेतरी, एका ओढ्यावरचा लाकडी पूल. त्या काळी सिंगापूरचा कारभार कलकत्त्याहून चालायचा. इथल्या इंजिनिअर साहेबाला काही बांधायचं झालं की अंदाजपत्रक करून जहाजाने कलकत्त्याला पाठवायचं, तिथल्या साहेबाने ते वाचायचं, शंका काढायच्या, आणि त्या शंका पुढच्या जहाजाने परत. तोवर ओढा थांबायचा नाही. फाइल अशी सुरू होत होती, की इथल्या साहेबाने मंजुरी येण्याआधीच पूल बांधून टाकला आणि मग पत्र लिहिलं, की पावसात रस्ता तुटत होता, वाट बघणं शक्य नव्हतं, तरी खर्चाला कार्योत्तर मंजुरी मिळावी.

"कार्योत्तर!" आई स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या. मी भाजी चिरत होते. त्यांचा चेहरा उजळला होता. "अगं, तेव्हापासून आहे हे!"

त्या दिवसापासून आमचं घर त्या पुलावरच राहायला लागलं म्हणायला हरकत नाही. इतरांना ते गिचमिड, पुसट अक्षर लागायचं नाही. आईंनी उभा जन्म तालुक्याच्या उपअभियंत्यांचं अक्षर वाचण्यात घालवलेला, त्यांना हे छापल्यासारखं वाटायचं. सकाळी नाष्टा झाला की लॅपटॉपसमोर बसायच्या, आणि रात्रीच्या जेवणाला आम्हाला बातम्या मिळायच्या. दीडशे वर्षांहून जुन्या बातम्या, पण आई सांगायच्या अशा, की कालच्या डाकेने आल्यात.

"कलकत्त्याने विचारलंय, हिशेब रुपयांत का नाही. इथे डॉलर चालायचे ना तेव्हाही, स्पेनचे. साहेबाने डॉलरमध्येच पाठवला."

"मग?" नवरा विचारायचा.

"मग काय, परत पाठवला. योग्यच केलं."

इथल्या साहेबाने रुपयांत करून पाठवला. मग कलकत्त्याने विचारलं, रुपया कोणत्या दराने धरला आणि त्या दराला मंजुरी कुणाची. मग खिळे. खिळे अंदाजपत्रकापेक्षा जास्त लागले होते. साहेबाने लिहिलं, की लाकूड ओलं होतं, खिळे वाकले. कलकत्त्याने लिहिलं, वाकलेले खिळे जमा दाखवलेले नाहीत. आई हे वाचून मनापासून हसल्या, आणि हसू ओसरल्यावर म्हणाल्या, "पण दाखवायला हवे होते."

या सगळ्यात वाघ आला. काम का रखडलं, असं कलकत्त्याने विचारलं होतं. साहेबाने कळवलं, की वाघाच्या उपद्रवामुळे रखडलं. तेव्हा इथे जंगल होतं, मळ्यांतून वाघ माणसं न्यायचे, हे आमच्या मुलीला शाळेतही शिकवलंय. कलकत्त्याचं उत्तर आलं, की वाघाच्या उपद्रवाबाबत सक्षम अधिकाऱ्याचा दाखला जोडलेला नाही.

"आई, वाघाचा दाखला?" मी म्हटलं.

"मीही मागितला असता," आई म्हणाल्या. "उद्या कुणीही वाघ दाखवून मुदतवाढ घेईल."

साहेबाने मॅजिस्ट्रेटचा दाखला पाठवला. पुढच्या जहाजाने शंका आली, की दाखल्यात वाघ एक होता की अनेक याचा उल्लेख नाही. आमच्या घरी त्या आठवड्यात कुणी उशिरा आलं की पहिला प्रश्न तोच असायचा. मी ऑफिसात लोकांचे खुलासे वाचताना मला हसू यायला लागलं. टॅक्सी का घेतली, हॉटेल का बदललं, पाहुण्यांबरोबर जेवायला इतकी माणसं कशाला. भाषा तीच, नम्रता तीच, आतला संताप तोच. फक्त वाघ नसतो.

याच सुमारास अंकल आमच्या आयुष्यात आले. तसे ते आमच्याच ब्लॉकमध्ये राहायचे. चिनी गृहस्थ, पंचाहत्तरीच्या आसपासचे, रोज सकाळी स्विमिंग पूलच्या कडेला हात सावकाश गोल फिरवत व्यायाम करणारे. आम्ही वर्षानुवर्षं लिफ्टमध्ये एकमेकांना बघून हसत होतो आणि तेवढ्यावर समाधानी होतो. आईंना तो ओढा नेमका कुठे होता हे हवं होतं. त्या सरळ जाऊन त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांच्या सरकारी इंग्रजीत म्हणाल्या, की कृपया माहिती पुरवावी.

अंकल हात फिरवायचे थांबले. त्यांनी सांगितलं, की त्यांची सगळी नोकरी इथल्या सरकारात गेली, कालवे आणि गटारं बांधण्यात. या भागातलं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे त्यांना झोपेतही सांगता येईल.

"म्हणजे तुम्ही इंजिनिअर," आई म्हणाल्या.

"रिटायर्ड, लाह. आणि तुम्ही?"

"ऑडिटर."

आई सांगतात, की अंकलनी यावर एक पाऊल मागे घेतलं. मागे स्विमिंग पूल होता म्हणून एकच.

पण ते दुसऱ्या दिवशी स्वतःहून आले, नाल्याचा नकाशा कागदावर काढून घेऊन. मग रोजचंच झालं. कोपऱ्यावरच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मोठ्या शेडमध्ये, सकाळी दोघं बसायचे. अंकलपुढे काळी कोपी, म्हणजे इथली कॉफी, आईंपुढे चहा, आणि मध्ये आईंनी छापून नेलेली त्या दिवशीची पत्रं. मी सुटीच्या दिवशी सोबत जायची, मुख्यतः लोकांनी आमच्याकडे बघू नये म्हणून, कारण आवाज चढायचे. अंकल पहिल्या पत्रापासून इथल्या साहेबाच्या बाजूने होते. आई कलकत्त्याच्या.

"पाणी चढतंय, रस्ता वाहून चाललाय, आणि हा माणूस खिळे मोजतोय," अंकल म्हणायचे. बोलायचे ते इंग्रजीत, पण मी माझ्या भाषेत सांगते. "तो कधी इथे आला होता का? त्याने हा ओढा बघितला होता का?"

"येण्याची गरज काय? कागद गेलेत ना. कागद नीट असते तर प्रश्न आले नसते."

"मॅडम, इंजिनिअर नसता तर तुमच्या ऑडिटरने तपासलं काय असतं?"

"आणि ऑडिटर नसता तर तुमच्या इंजिनिअरने हा पूल मलेशियापर्यंत नेला असता."

अंकलनी कोपीचा घोट घेतला. "तो आहेच," ते म्हणाले.

आईंनी वाद अर्धवट टाकून पत्रं पिशवीत भरली. मी लग्न होऊन आल्यापासून हे पहिल्यांदाच पाहत होते. घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला विचारलं, की खरंच मलेशियाला जोडणारा पूल आहे का. आहे म्हटल्यावर, "काहून सांगितलं नाही मग मला?" रागावल्या की आईंच्या तोंडून नागपूर बाहेर पडतं.

फाइल पुढे सरकत होती. सर्वांत मोठा विनोद मध्यावर झाला. पहिल्या पुलाला कलकत्त्याची मंजुरी आली, पण ती येईपर्यंत पूल पुरात वाहून गेला होता आणि त्याच जागी दुसरा पूल अर्धा बांधून झाला होता. साहेबाने आभाराचं पत्र लिहिलं आणि त्याच पत्रात कळवलं, की मंजूर झालेला पूल सध्या अस्तित्वात नाही. अंकल हे वाचून इतके हसले, की शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी त्यांना पाणी आणून दिलं. आईही हसल्या. मला वाटतं, दोघांचं सूत जुळलं ते त्या दिवशी. त्यानंतर भांडणं झाली, पण आई निघताना अंकल त्यांची पिशवी उचलायचे आणि त्या ती उचलू द्यायच्या.

एका रविवारी मी दुपारचा चहा घेऊन आईंच्या खोलीत गेले तर त्या टाइप करत नव्हत्या. स्क्रीनवर एक पत्र उघडं होतं आणि त्या त्याच्याकडे नुसत्या बघत होत्या.

"बस," त्या म्हणाल्या. "हे वाच. अक्षर सोपं आहे."

ते कलकत्त्याचं पत्र होतं, दुसऱ्या पुलाच्या खर्चाचा निकाल. एकेक बाब घेऊन पुढे शेरा मारला होता. जास्तीचं लाकूड, मान्य. खिळे, ताकीद देऊन मान्य. दोन्ही टोकांचे कंदील, मान्य. पुलाच्या उद्घाटनाला गव्हर्नर साहेब आले होते, त्यांच्या आणि त्यांच्या पाहुण्यांच्या फराळाचा आणि वाइनचा खर्च, मान्य. आणि शेवटी, काम करणाऱ्या कैद्यांना दिलेली कांबळी, नामंजूर. कारण असं दिलं होतं, की तो प्रदेश बारा महिने उष्ण असल्याने कांबळ्यांची आवश्यकता दिसत नाही. रक्कम संबंधित अधिकाऱ्याच्या पगारातून वसूल करावी.

"कैदी?" मी विचारलं.

"मग पूल कुणी बांधला असं वाटलं तुला? हिंदुस्थानातून शिक्षा देऊन पाठवायचे इथे. मद्रासचे, बंगालचे, मुंबई इलाख्यातले. आपल्याकडचेही असतील." आईंनी अंदाजपत्रक उघडून दाखवलं. लाकूड, चुना, खिळे, रंग, सगळ्यांपुढे आकडे होते. मजुरीपुढे आडवी रेघ होती. "हा रकाना मी पहिल्याच दिवशी पाहिला. मजुरी नाही. म्हटलं, काम स्वस्तात झालं."

मग त्यांनी मला वाघाच्या वेळचं एक पत्र दाखवलं. ते त्यांनी जेवताना कधी सांगितलं नव्हतं. कलकत्त्याने त्यात विचारलं होतं, की वाघाने नेलेल्या कैद्यांच्या नावचा शिधा कोणत्या दिवसापासून बंद करण्यात आला.

"प्रश्न बरोबर आहे," आई म्हणाल्या. चष्मा काढला आणि पुन्हा म्हणाल्या, "नियमाने प्रश्न बरोबर आहे."

चहा गार झाला. मी तो परत गरम करून आणला तर तोही त्यांनी घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि आई, अंकल आणि मी ती जागा बघायला गेलो. फार लांब नव्हती. मोठा रस्ता, त्याच्या कडेने सिमेंटचा रुंद कालवा, तळाशी घोटाभर पाणी. पलीकडे शाळेच्या बसेस उभ्या होत्या. अंकल म्हणाले, ओढा इथेच कुठेतरी रस्त्याखालून जायचा, पुढे तो कालव्यात घेतला. या कालव्याच्या एका टप्प्यावर त्यांनी स्वतः तरुणपणी काम केलं होतं.

आईंनी विचारलं, "इथल्या पाण्यात थंडी वाजते का?"

त्यांनी हे अशा आवाजात विचारलं, की अंकलनी विनोद केला नाही. ते म्हणाले, "पावसात कमरेएवढ्या पाण्यात दिवसभर उभं राहिलं की वाजते, मॅडम. आमची माणसं बाहेर यायची तेव्हा ओठ निळे असायचे. आम्ही त्यांना गरम चहा द्यायचो. एकदा ऑफिसने विचारलं, चहा कोणत्या खात्यात टाकलाय."

"मग तुम्ही काय लिहिलंत?"

"पंपाचं इंधन."

मला वाटलं, आता भांडण होणार. खोटी नोंद, आणि तीही ऑडिटरच्या तोंडावर. पण त्या फक्त म्हणाल्या, "चांगलं लिहिलंत." आणि कालव्याच्या कठड्याला धरून बराच वेळ खाली बघत राहिल्या. उन्हाने माझ्या डोक्याला घाम आला होता, गाड्या जात होत्या. निघताना त्यांनी कठडा हलवून पाहिला. सवयच ती. पक्का होता.

फाइलमध्ये त्यानंतर एकच पत्र उरलं होतं, इथल्या साहेबाचं. आजवर त्याचा सगळा पत्रव्यवहार वाकून असायचा, पण हे पत्र सरळ होतं. त्याने लिहिलं होतं, की भिजलेला माणूस कोणत्याही प्रदेशात कुडकुडतो, आणि कलकत्त्याच्या साहेबांनी पावसात एक सकाळ त्या ओढ्यात उभं राहून पाहावं अशी नम्र विनंती आहे. वसुलीचा फेरविचार व्हावा. या पत्राचं उत्तर फाइलमध्ये नव्हतं. पुढची पानं वाळवीने खाल्लेली, नुसत्या कडा राहिलेल्या. आईंनी संस्थेला लिहून विचारलं. दुसरी प्रत नाही असं कळलं.

"म्हणजे पॅरा उघडाच राहिला," त्या म्हणाल्या. ऑडिटच्या भाषेत आक्षेपाला पॅरा म्हणतात, आणि तो निकाली निघेपर्यंत वर्षानुवर्षं उघडा राहतो. आईंच्या नोकरीत त्यांचा एक पॅरा इंजिनिअर वारल्यावरही उघडा होता, हे त्या पूर्वी अभिमानाने सांगायच्या.

संस्थेने स्वयंसेवकांसाठी एका लायब्ररीत छोटा कार्यक्रम ठेवला आणि ज्यांनी जास्त काम केलं त्यांना थोडं बोलायला सांगितलं. आईंनी साडीला दोनदा इस्त्री केली. अंकल टाय लावून आले. सभागृहात चांगली चाळीसेक माणसं होती, बिस्किटं होती, आणि सूत्रसंचालन करणारी एक हसरी तरुण मुलगी. आईंच्या आधीच्या सगळ्यांनी वारशाबद्दल सांगितलं. जुन्या शाईचा वास (कॉम्प्युटरवर तो त्यांना कसा आला कोण जाणे), पूर्वजांशी झालेलं नातं, इतिहासाने मनाला केलेला स्पर्श. एका बाईंना एका जुन्या दिव्याच्या पावतीवरून रडू आलं होतं. मग आई उठल्या, चष्मा लावला आणि म्हणाल्या, "मी एका पुलाच्या खर्चाबद्दल निवेदन करणार आहे."

रुपया-डॉलरवर लोक हसले. वाकलेल्या खिळ्यांवर हसले. वाघ एक की अनेक, यावर टाळ्या पडल्या. मंजूर पूल अस्तित्वात नाही हे ऐकून ती सूत्रसंचालन करणारी मुलगी तोंडावर हात ठेवून हसत होती. मग आईंनी त्याच आवाजात निकालाचं पत्र वाचलं. कंदील, मान्य. फराळ आणि वाइन, मान्य. कांबळी, नामंजूर. हसू थांबायला थोडा वेळ लागला, कारण लोकांना वाटलं, हाही विनोदच आहे.

"या बाबीवर इथल्या अधिकाऱ्याने खुलासा दिला होता," आई म्हणाल्या. "त्यावर निर्णय झाल्याचा कागद उपलब्ध नाही. मी सरकारी लेखापरीक्षणात काम केलेलं आहे. माझ्या मते खुलासा पुरेसा आहे. कामाच्या जागेची मी स्वतः पाहणी केली आहे आणि एका तांत्रिक अधिकाऱ्याचं मत घेतलं आहे." अंकलनी बसल्या जागी टाय सरळ केला. "म्हणून हा खर्च मान्य करण्यात येत आहे. वसुली रद्द. पॅरा निकाली."

आणि खाली बसल्या.

कुणाला कळेना टाळ्या वाजवायच्या की नाही. अंकलनी उभं राहून वाजवल्या, मग इतरांनी. मुलगी माइकवर म्हणाली, "थँक यू, आँटी, सो इंटरेस्टिंग," आणि बिस्किटं बाहेर ठेवली असल्याचं सांगितलं. माझ्या डोळ्यांत पाणी होतं. नवऱ्याकडे बघितलं तर तो फोनमध्ये काहीतरी वाचत असल्यासारखं करत होता. फोन उलटा धरला होता.

आईंना मात्र एवढ्यावर थांबवेना. घरी येऊन त्यांनी त्या निकालपत्राच्या मजकुरात, कांबळ्यांपुढच्या 'नामंजूर'च्या खाली, कंसात स्वतःचा शेरा टाइप केला, 'आता मान्य', आणि पुढे स्वतःची आद्याक्षरं. दोन-तीन दिवसांत संस्थेच्या तपासनिसाचा निरोप आला. मूळ कागदावर नसलेला मजकूर आढळला आहे, कृपया खुलासा करावा.

आईंनी उभं आयुष्य खुलासे मागितले होते. त्यांना कुणी मागितलेला मी तरी पाहिला नव्हता.

सगळ्यात जास्त चिडले अंकल. हॉकर सेंटरमध्ये त्यांनी टेबलावर हात आपटला. "कोण हा पोरगा? त्याला सांगा, तुम्ही कोण आहात! शेरा काढायचा नाही, मॅडम."

"काढावा लागेल," आई म्हणाल्या.

"पण तुमचं म्हणणं खरं आहे!"

"खरं आहे म्हणून काय झालं? कागदावर नाहीये ना. आज मी चांगलं लिहिलं, उद्या दुसरा कुणी वाईट लिहील. मग त्या कलकत्तेवाल्याने काय केलं होतं ते कुणाला कळणार कसं? त्याचं 'नामंजूर' तसंच राहिलं पाहिजे. जसंच्या तसं." त्यांनी चहा संपवला. "मुलगा हुशार आहे. आणि बघा, उत्तर आठवड्याच्या आत. माझ्या ऑफिसात असता तर मी त्याला वर नेलं असतं."

अंकल घरापर्यंत फुरंगटून दोन पावलं पुढे चालत आले. पिशवी मात्र त्यांच्याच हातात होती. आईंनी त्याच दुपारी दोन ओळींचा खुलासा लिहिला, चूक मान्य केली आणि शेरा काढून टाकला. तपासनिसाने आभार मानले आणि त्यांना पुढची फाइल दिली. एका दीपगृहाची.

आईंच्या इथे राहण्याच्या पासची मुदत संपत आली तशी त्या नागपूरला परतल्या. गुडघा आता ठीक आहे. जाण्याआधी त्यांनी अंकलना खातं उघडून दिलं, म्हणजे माझ्या मुलीकडून उघडवून घेतलं, आणि पुसट अक्षर कसं वाचायचं ते शिकवलं. दीपगृहाची अर्धी पानं आता त्या तिथून करतात, अर्धी अंकल इथून. सकाळी व्हिडिओ कॉल असतो. अंकल फोन आणि छापलेली पानं घेऊन स्विमिंग पूलच्या बाकड्यावर बसतात आणि लिफ्टपर्यंत आवाज येतो. परवा मी ऑफिसला निघाले तेव्हा चुन्याच्या भावावरून जुंपली होती. अंकल सांगत होते, की समुद्रातल्या खडकावर चुना नेणं म्हणजे काय असतं ते नागपुरात बसून कळायचं नाही. पलीकडून आई म्हणत होत्या, "ठीक आहे. पण नावेचं भाडं वेगळं दाखवलंय का, तेवढं सांगा."

अंकलनी माझ्याकडे बघून डोळे फिरवले, आणि चष्मा वर सरकवून पान मागे उलटून बघायला लागले.